पातळ वरणाची चिठ्ठी

ताई, नमस्कार.

मी चाकण एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत मशिन शॉपचा सुपरवायझर आहे. डिप्लोमा करून ऑपरेटर म्हणून लागलो, अकरा वर्षं मशिनवर काढली आणि दोन वर्षांपूर्वी सुपरवायझर झालो. माझ्या शिफ्टला २६ माणसं आहेत. सात पर्मनंट, बाकी कंत्राटी आणि ट्रेनी.

मध्यंतरी एचआरने सर्व्हे घेतला. एंगेजमेंटमध्ये, म्हणजे माणसं कामात किती गुंतलेली आहेत यात, आमच्या शॉपचा स्कोअर सगळ्यांत कमी आला. मीटिंगमध्ये स्लाइड दाखवली की याला ७० टक्के सुपरवायझरच जबाबदार असतो. तेव्हापासून मी वाढदिवसाला केक आणतो, ‘महिन्याचा उत्तम कामगार’ म्हणून फोटो लावतो, सूचना पेटीही लावली. चार महिन्यांत पेटीत तीन चिठ्ठ्या पडल्या. एकीवर होतं, ‘कॅन्टीनचं वरण पातळ असतं.’ दुसरीवर, ‘पेटीची किल्ली कोणाकडे असते?’ तिसरी इथे लिहिण्यासारखी नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये ‘कुणाला काही सांगायचंय का’ असं विचारलं की सगळे आपापल्या बुटांकडे बघतात.

गेल्या महिन्यात तर हद्द झाली. पीस मशिनवर धरून ठेवणाऱ्या एका फिक्स्चरचा क्लॅम्प, म्हणजे पकड, ढिला झाला होता. एक ट्रेनी मुलगा तीन आठवडे त्याखाली पत्र्याची पट्टी घालून मशिन चालवत होता. तो सुट्टीवर गेला, त्याच्या जागी आलेल्याला पट्टीचं माहीत नव्हतं, आणि ३४० पीस रिजेक्ट झाले. चौकशी केली तर निम्म्या शिफ्टला ठाऊक होतं! मी दोघांना मेमो दिला. मशिन जुळवून देणारे आमचे जुने सेटर आप्पा एवढंच म्हणाले, ‘साहेब, सांगून काय होणार होतं?’

लोकांना कामात रसच नाही. तो कसा आणायचा? पगार वाढवणं तर माझ्या हातात नाही.

एक सुपरवायझर, चाकण

---

भाऊ, तुमच्या पत्रात कामात पुरता बुडालेला एक माणूस मला सापडला. तो पट्टी घालणारा मुलगा.

त्याने काय काय केलं ते मोजा. पीस तपासताना बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, मापाबाहेर जातोय हे त्याच्या लक्षात आलं. कारण टूलमध्ये नाही, क्लॅम्पमध्ये आहे, हे त्याने शोधलं. किती जाडीची पट्टी लागेल ते करून पाहिलं. आणि तीन आठवडे रोज, न कंटाळता, ती बसवली. सहा-सात महिन्यांनी ज्याला ब्रेक देऊन घरी पाठवणार आहेत त्याने कंपनीच्या पीसची याहून जास्त काळजी काय करायची? फक्त एक गोष्ट त्याने केली नाही. तुम्हाला सांगितलं नाही. रस आहे, तो तुमच्यापासून लपवून ठेवला जातो. का, ते आप्पांनी तुम्हाला चार शब्दांत सांगून टाकलंय.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे अकरा वर्षं मशिनवर काढलेल्या माणसाला मी सांगायला नको. मेंटेनन्सला कळवा, दोन तास मशिन उभं, तासाचा आकडा बोर्डावर लाल, संध्याकाळी वरून फोन, आणि शेवटी ‘तुझ्याच मशिनला बरं असं होतं!’ त्यापेक्षा पट्टी स्वस्त. आता पट्टी सापडल्यावर काय मिळालं? मेमो. बाकीच्यांनी त्यातून हेच घेतलं असणार की यापुढे पट्टी घालायची नाही, आणि दुसऱ्याने घातलेली दिसली तर ती दिसलीच नाही.

म्हणून केक, फोटो, पेटी सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्या मेमोचं बघा. मागे घेता येत असेल तर एचआरशी बोलून मागे घ्या. येत नसेल तर निदान त्या मुलाच्या मशिनपाशी जा आणि आजूबाजूच्या दोघा-तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात बोला. न सांगता पट्टी घालणं चुकीचं होतं, हे सांगायचंच. फिरत्या मशिनवर ढिल्या पकडीतला पीस उडाला तर काय होतं हे तुम्ही पाहिलं असेल, आणि त्या मुलालाही ते याच कारणासाठी कळायला हवं, ३४० पीससाठी नव्हे. पण पुढे हेही म्हणा की क्लॅम्प तू ओळखलास, आणि मला तीन आठवडे कळलं नाही, ते माझ्याकडून चुकलं. तोंडातून निघायला जड जाईल. मला माहीत आहे, कारण मला स्वतःला हे करायला फार उशीर झाला होता.

मी बत्तीस वर्षं कार्मिक खात्यात काढली. तेव्हा त्याला एचआर म्हणत नसत, पर्सोनेल म्हणत. नव्वदीच्या सुरुवातीला मी मोठ्या हौसेने सूचना योजना काढली होती. बक्षीस, छापील फॉर्म, समिती, सगळा थाट. प्रेस शॉपच्या एका ऑपरेटरने लिहून दिलं की पीसची ट्रॉली प्रेसच्या डावीकडे आणि वीतभर उंच ठेवा, म्हणजे दर पीसला वाकावं लागणार नाही. मी फॉर्म समितीकडे पाठवला. समिती तीन महिन्यांनी बसली. मग इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा शेरा मागवला. सात महिन्यांनी त्याला पत्र निघालं, ‘आपली सूचना विचाराधीन आहे.’ ते द्यायला मी स्वतः गेले. बघते तर ट्रॉली डावीकडे, खाली चार विटा. त्याने पहिल्याच आठवड्यात काम उरकलं होतं. पत्र वाचून म्हणाला, ‘मॅडम, कागद चांगला आहे.’ त्यानंतर त्या खात्यातून एकही सूचना आली नाही, आणि मी पुढची दोन वर्षं अहवालात लिहीत राहिले की कामगारांचा प्रतिसाद थंड आहे.

आता वरण. ती चिठ्ठी तुम्ही जरा हसून लिहिलीत, असं मला वाटलं. हसू नका. पेटी लागल्यावर कुणीतरी तुमची परीक्षा घेतली, आणि ती सगळ्यांत कमी धोक्याच्या विषयावर घेतली. वरणाबद्दल लिहून नोकरी जात नाही. वरणाचं काही झालं तर पुढे क्लॅम्पचं लिहू, असा साधा हिशेब. चार महिन्यांत वरणाचं काय झालं, ते तुम्ही पत्रात लिहिलेलंच नाही.

कागदावर कामगारांचा सहभाग आपल्याकडे जुना आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यासाठी वर्क्स कमिटीची, म्हणजे कामगार आणि मालक यांच्या संयुक्त समितीची, तरतूद होती. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ४३अ हे कलम आलं आणि व्यवस्थापनातला कामगारांचा सहभाग थेट राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत जाऊन बसला. आणि ज्या बैठकांच्या इतिवृत्तांवर मी सह्या केल्या त्यांत काय असायचं? साबण, टॉवेल, फाउंड्रीवाल्यांचा गूळ, कॅन्टीन. साहेब लोक वैतागायचे, हे काय रडगाणं म्हणून. पण साबणाचा विषय तिसऱ्या बैठकीतही ‘पुढील बैठकीत’ असेल, तर चौथ्या बैठकीत माणूस क्वालिटीवर तोंड उघडेल कशाला?

तर या आठवड्यात तुम्ही कामगारांच्या रांगेत ताट घेऊन उभे राहा. चार दिवस तेच जेवण जेवा. वरण पातळ असेल तर कॅन्टीनच्या ठेकेदाराशी आणि ॲडमिनशी बोला. शनिवारी शिफ्ट सुटायच्या आधी सांगा की असं असं बोललो, हे जमलं, ते जमलं नाही. ‘ठेकेदाराचा दर पुढच्या वर्षीच बदलतो, तोवर काही होणार नाही’ हे उत्तरही चालतं. माणसं नकार पचवतात. आपलं बोलणं कुठल्या खड्ड्यात पडलं तेच कळत नाही, हे मात्र त्यांना पचत नाही.

आणि पेटी काढून टाका. किल्लीबद्दल विचारणारा तुमच्या शॉपमधला सगळ्यांत हुशार माणूस आहे. त्याला कळलंय की कुलूप लावलेल्या पेटीत घातलेलं कुणाच्या हाती लागेल याचा भरवसा नाही. तिच्या जागी लाइनच्या टोकाला साधा पांढरा बोर्ड लावा. काय सांगितलं, कोणत्या तारखेला, कुणाकडे गेलं, काय झालं. सांगणाऱ्याचं नाव त्याने हो म्हटलं तरच. तुमच्या आवाक्यातलं असेल ते त्याच दिवशी करून टाका. मेंटेनन्स किंवा टूल रूमचं असेल तर तारीख मागून घ्या आणि तीच लिहा. वरचं असेल तर कोणाला सांगितलं आणि परत कधी विचारणार ते लिहा. ‘होणार नाही’ असेल तर तेही कारणासकट लिहा. तारीख उलटली तर खोडू नका, तिच्याच खाली नवी लिहा. सगळ्यांना दिसू द्या.

तुमच्या शॉपमध्ये कायझेनचं, म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा करायच्या जपानी पद्धतीचं, पोस्टर असेलच, बहुतेक कोणी न वाचलेलं. टोयोटाने कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ मध्ये सुरू केली, आणि आपल्याकडचे लोक तिथे जाऊन आले की किती सूचना येतात तेवढाच आकडा घेऊन येतात. मला त्यांची दोरी जास्त महत्त्वाची वाटते. लाइनवर काही बिघडलं की कामगार दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर लाइन थांबते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात, भांडणं, संप. १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना उघडला, घेतलेले कामगार बहुतेक तेच जुने, युनियनही तीच. गैरहजेरी अगदी थोड्या टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा अमेरिकेतल्या उत्तम कारखान्यांच्या बरोबरीला गेला. तेव्हा ‘आमची माणसंच तशी’ हे मी कुणाचं ऐकून घेत नाही. अर्थात दोरीबरोबर तिथे अजून एक गोष्ट होती. १९८८ च्या सुमारास मागणी घसरली तेव्हा माणसं कमी न करता त्यांना प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावलं. तो शब्द तुम्ही तुमच्या पोरांना देऊ शकत नाही, आणि कृपा करून देऊही नका.

तुमच्याकडे दोरी नसेल. पण ‘धावत येणं’ आहे. मुलाने हात वर केला की तुम्ही किती मिनिटांत त्याच्यापाशी पोचता, आणि पोचल्यावर पहिलं वाक्य काय बोलता? ‘काय केलंस?’ की ‘काय झालं?’ तुम्हाला वाटतं एकच आहे. त्याला वाटत नाही.

मीटिंगचं थोडक्यात सांगते. २६ जणांच्या रांगेत ‘कुणाला काही सांगायचंय का’ विचारलं तर कोणीच बोलणार नाही, मीही बोलले नसते. नवा पोरगा आप्पांच्या आधी तोंड उघडणार नाही, आणि आप्पा उघडणार नाहीत. मीटिंग पाच मिनिटांत आटपा: कालचा आकडा, आजची अडचण, बोर्डावरचं काय सुटलं. खरं विचारायचं ते मशिनपाशी, शिफ्टच्या दुसऱ्या तासात, रोज दोघांना. प्रश्न नेमका हवा. ‘काल कोणत्या पीसला जास्त वेळ गेला?’ ‘मागच्या शिफ्टने काय न सांगता सोडलं होतं?’ ‘हे मापाचं गेज इथे हातात येतं का, की वळावं लागतं?’ बारा-तेरा कामाच्या दिवसांत तुमची अख्खी शिफ्ट होते.

तुम्ही म्हणता पगार हातात नाही. खरं आहे. शेजारच्या मशिनवर तोच पीस काढणाऱ्या पर्मनंट माणसाचा पगार आपल्या कितीतरी पट आहे, हे कंत्राटी मुलाला रोज दिसतं, आणि ते केकने झाकत नाही. हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलं होतं की पगार, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या नुसत्या ठीक केल्याने तो पेटून उठत नाही. त्यासाठी काम, जबाबदारी, शाबासकी आणि शिकायला मिळणं लागतं. पुढे त्यावर वाद बरेच झाले, पण शॉपमध्ये मला ते पुष्कळदा खरं दिसलं. मात्र एक करा. पगाराची रक्कम तुमच्या हातात नाही, पण हिशेबावर तुमची सही असते. ओव्हरटाइमचे तास बरोबर लागलेत का, ठेकेदाराने पीएफ भरलाय का, स्लिपमधली कपात कसली, हे विचारायला आलेल्या मुलाला ‘ठेकेदाराला विचार’ म्हणून हाकलू नका. तुम्ही विचारा. ठेकेदार तुम्हाला उत्तर देतो, त्याला देत नाही.

ट्रेनी आणि कंत्राटी मुलांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, एचआरला कदाचित आवडणार नाही. ज्याला सात महिन्यांनी जायचं आहे त्याला ‘कंपनी हे आपलं कुटुंब’ वगैरे सांगू नका. खराबवाडी-नाणेकरवाडीच्या खोलीत चौघांत राहून, तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधून ड्यूटीला येणारा परभणी-यवतमाळचा मुलगा इतका भोळा नसतो. त्याला कंपनीत गुंतवायला जाऊ नका, कामात गुंतवा. म्हणजे असं की जाताना त्याच्याकडे काहीतरी असावं. लोडिंग-अनलोडिंग करणाऱ्याला गेज वाचायला शिकवा, गेज येणाऱ्याला ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापातली दुरुस्ती, आणि ऑफसेट येणाऱ्याला सेटिंग. कोणाला कोणतं काम येतं त्या स्किल मॅट्रिक्सच्या चार्टवर पर्मनंटांच्या खाली का होईना, त्याचं नाव येऊ द्या. पुढच्या गेटवर ‘सेटिंग येतं’ म्हणता आलं तर त्याची मजुरी बदलते. हे त्याला कळतं, आणि ज्याने शिकवलं त्याला तो क्लॅम्प ढिला आहे हे सांगतो.

शिकवायचं कोणी? आप्पांनी. तुम्ही त्यांच्यापेक्षा लहान, बहुतेक त्यांच्याच हाताखाली शिकलात, आणि आता त्यांचे साहेब झालात. त्यांनी हे कसं घेतलं हे तुम्ही लिहिलं नाही, पण त्यांच्या वाक्यात थोडं ऐकू येतं. त्यांना सगळ्यांसमोर ‘आप्पा, पोरांना शिकवा’ असा हुकूम देऊ नका. चहाला बाजूला घ्या आणि विचारा, कोणत्या दोघांच्या हातात कला आहे असं वाटतं. माणसं त्यांना निवडू द्या.

निवडू देण्यावरून आठवलं. तुमच्या मीटिंगमध्ये बुटांकडे बघणारी हीच पोरं गणपतीत काय करतात, कधी पाहिलंय? एकजण मंडळाचा खजिनदार असतो. दुसरा ढोल-ताशा पथकात पन्नास जणांना सरावाला वेळेवर आणतो, तेही एक पैसा न देता. वर्गणी, परवानगी, मिरवणुकीचा क्रम, भांडण मिटवणं, सगळं जमतं. सकाळी गेटमधून आत आली की हीच पोरं ‘साहेब, पुढे काय करू?’ विचारतात. मंडळात ठरवायला मिळतं, इथे मिळत नाही. मग खरोखर त्यांना ठरवता येईल असं काहीतरी त्यांच्या हाती द्या, छोटं चालेल. महिन्याचा कोण कोणत्या मशिनवर हा तक्ता त्यांनी करावा. ट्रॉल्या आणि रॅक कुठे ठेवायचे, चहाला एकमेकांना कसं सोडायचं, हे त्यांनी ठरवावं. तुमच्या अटी आधी सांगा: आकडा, सुरक्षितता, प्रत्येक मशिनवर एक जाणता माणूस. त्यानंतर तक्ता तुम्हाला पटला नाही तरी महिनाभर चालू द्या. दुसऱ्या दिवशी ‘असं नको, तसं करा’ म्हणालात तर पुन्हा कधी तक्ता मागू नका.

आमच्या काळात क्वालिटी सर्कलची, म्हणजे कामगारांनी गट करून कामातले प्रश्न सोडवायची, अशीच लाट आली होती. भेल या अवजड यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कंपनीने १९८० मध्ये हैदराबादजवळच्या आपल्या कारखान्यात सुरुवात केली आणि दहा वर्षांत जो तो सर्कल काढू लागला. चांगली होती, मी काही सर्कल फार मनापासून चाललेली पाहिली. पुढे स्पर्धा आल्या, टोप्या-टीशर्ट आले, कामगार घरी जाऊन भाषण पाठ करू लागले, आणि सुटलेला प्रश्न कोणता होता ते बक्षिसाच्या फोटोत दिसेनासं झालं. तुमचा बोर्ड साहेबांना आवडला आणि ते कस्टमर व्हिजिटला दाखवायला लागले, तर सांभाळा.

साहेबांवरून, त्या ७० टक्क्यांचं. तो आकडा गॅलप या सर्व्हे करणाऱ्या अमेरिकन संस्थेचा, २०१५ च्या अमेरिकेतल्या मॅनेजरांवरच्या अहवालातला. त्याचा अर्थ असा की एका टीमचा स्कोअर आणि दुसऱ्या टीमचा स्कोअर यांत जो फरक पडतो, त्यातला किमान ७० टक्के मॅनेजरमुळे पडतो. म्हणजे तुमच्या शॉपमध्ये आणि शेजारच्या शॉपमध्ये जो फरक आहे त्याबद्दल तो बोलतो. दोन्हीकडे सारख्याच असलेल्या कंत्राटी पगाराबद्दल आणि पातळ वरणाबद्दल तो बोलत नाही. स्लाइडवर एवढं लिहायला जागा नसते.

साहेबांकडे आधी जाऊन दोन गोष्टी मागा. आठवड्यातून एक तास मेंटेनन्सचा माणूस फक्त तुमच्या बोर्डासाठी, आणि महिन्याला थोडी रक्कम जी तुम्ही मंजुरीविना खर्चू शकाल, चार-पाच हजार का असेना. आणि त्याच बैठकीत बजावून ठेवा की पहिले दोन-तीन महिने तक्रारी वाढतील. एमी एडमंडसन या संशोधक बाईंना अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांच्या चुका तपासताना उलटंच सापडलं होतं: ज्या टीम चांगल्या, त्यांच्याच नावावर नोंदवलेल्या चुका जास्त. पुढे उलगडा झाला की तिथे लोक चुका सांगायला घाबरत नव्हते, बाकीच्या टीममध्ये त्या दाबल्या जात होत्या. हे आधी बोलून ठेवलं नाहीत, तर बोर्ड भरलेला बघून साहेब म्हणतील, तुझ्या शॉपमध्ये किती भानगडी रे! सुपरवायझर म्हणजे पखवाज, थाप दोन्हीकडून. वरच्या बाजूची एक तरी थाप आधीच अडवा.

केक चालू ठेवा, पोरांना आवडत असेल तर. फोटो मात्र भिंतीवरून काढून टाका. २६ जणांत एकाचा लावला की २५ जणांचा लागत नाही, आणि दर महिन्याला पर्मनंटचाच लागत असेल तर विचारूच नका.

आप्पांना अजून एक विचारा, चहाच्याच वेळी. ‘सांगून काय होणार होतं’ म्हणालात. तुम्ही शेवटचं कधी सांगितलं होतं, आणि काय? ती गोष्ट बहुधा तुम्ही सुपरवायझर व्हायच्या आधीची असेल, आणि कदाचित अजून तशीच पडलेली असेल. तसं असेल तर बोर्डावरची पहिली ओळ ती. दुसरी वरणाची.